बाळंतिणीची विश्रांति कोणाच्या जिवावर?

आमच्या समाजांत बाळंतिणीचें कौतुक फार. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें, दहा दिवस सोयर पाळावें, सव्वा महिना तेल, शेक, शेगडी चालावी, डिंकाचे व अळिवाचे लाडू तिच्या पुढ्यांत यावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. सोयराची कल्पना आज पुष्कळांस पटत नाहीं. परंतु मला कित्येकदां वाटतें कीं, जिची चूल केवळ थकव्यासाठीं सुटली नसती, तिची ती विटाळाच्या निमित्तानें तरी दहा दिवस सुटली. दयेनें जें मिळालें नसतें तें शिवाशिवीनें मिळवून दिलें! विश्रांति हा तिचा हक्क आहे, असें मात्र आम्हीं सरळ कधीं म्हटलें नाहीं.

तें म्हणावयास कायदेमंडळ लागलें. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूतिसाहाय्याचें बिल आलें, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं त्याचा पुरस्कार केला. प्रसूतीच्या आधीं व नंतर मातेस विसावा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें, म्हणून त्याचा भार बहुतांशीं सरकारनें सोसावा. परंतु तेवढ्यानें मालक आपल्या जबाबदारींतून सुटत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ सालीं तो कायदा झाला. पुढें १९६१ चा देशव्यापी कायदा आला, आणि २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांपुरती भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. मात्र हा कायदा कारखान्यांचा, आणि दहा किंवा अधिक माणसें कामास असलेल्या दुकानांचा व कचेऱ्यांचा. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं तो थांबला.

माझी मुलगी बँकेंत नोकरीस. तिला ही रजा मिळाली व ती बाळंतपणास आमच्याकडे आली. तिला व बाळाला तेल लावावयास एक बाई येत असे. एके दिवशीं बाळ रडूं लागलें आणि त्या बाईची चोळी ओली झाली. पत्नीनें विचारलें, “तुझं मूल केवढं गं?”

“दोन महिन्यांचं, आजी.”

“मग त्याच्यापाशीं कोण?”

“थोरली आहे ना. आठ वर्षांची.”

ती शाळेंत जाते का, हें विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

कोणी म्हणेल, तिला पैशाची गरज होती. काम काढून घेतलें असतें तर तिचें अधिकच नुकसान झालें असतें. हा युक्तिवाद खरा आहे, आणि आमच्या सोयीचाही आहे. म्हणूनच मला त्याची भीति वाटते. आम्हीं तिला पगार चालूं ठेवून घरीं बसण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवसापासून तेल लावण्याचें काम पत्नीनें घेतलें. तिचे गुडघे दुखतात, खालीं बसलें कीं उठवत नाहीं. एका बाईच्या अंगावरचें ओझें दुसऱ्या बाईच्या अंगावर गेलें. मी शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होतों. पुढें पाणी तापविणें व लंगोट धुणें मीं आपणाकडे घेतलें, पण तें चार दिवसांनीं, आणि मुलीनें सुचविल्यावर.

आठव्या दिवशीं ती बाई तान्ह्याला कडेवर घेऊन दारांत उभी राहिली. पैसे तिला पोंचले होते. परंतु काम न करतां ते आणखी किती दिवस मिळतील, ह्याची तिला खात्री नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर, तो आंकडा आम्हींही ठरविला नव्हता.