बीचच्या रानातलं मागणं

विठ्ठला, नोव्हेंबर लागला. इंग्लंडमधल्या बर्नहॅम बीचेसच्या रानात पानं तांबूस झाली आहेत आणि मी कॅमेरा घेऊन तुझ्यापुढे उभा आहे. मला नीट बघायला शिकव.

इथल्या जुन्या बीचच्या झाडांना माणसाचा हात लागलेला आहे. जळणासाठी ती डोक्याच्या उंचीवर छाटली जायची, म्हणजे नव्या फुटव्यांपर्यंत गुरांचं तोंड पोचत नसे. फुटवे यायचे, पुन्हा छाटणी व्हायची. पुढे ती थांबली आणि फांद्या वाटेल तशा जाडजूड झाल्या. १८८० मध्ये लंडन सिटीच्या कॉर्पोरेशनने हे रान विकत घेऊन लोकांसाठी राखलं. एवढं आयुष्य एका चौकटीत कसं मावणार? काय सोडायचं, ते तू सुचव.

देवा, रानात सगळं एकमेकांत गुंतलेलं. दोन डोळ्यांना खोली कळते, कॅमेऱ्याच्या एका डोळ्याला कळत नाही. पुढचं खोड मागच्याला चिकटतं. मला हातभर डावीकडे सरकायची बुद्धी दे, चिखलात गुडघा टेकायची तयारी दे, म्हणजे दोन बुंध्यांमध्ये फट पडेल आणि प्रत्येकाला आपापली जागा मिळेल. पानांमधून डोकावणारे पांढऱ्या आभाळाचे तुकडे नजर ओढून नेतात; त्यांना चौकटीबाहेर ठेवायची आठवण दे. आणि धुकं दे, देवा. मागचं रान पुसट करून एकच झाड पुढे आणणं कुठल्याही महागड्या लेन्सला असं साधत नाही.

रंगाचं मागणं याहून मोठं आहे. डिसेंबरच्या भर दुपारी पुण्यात सूर्य ४८ अंश वर असतो, इथे जेमतेम १५. ढग हटले की बाराच्या ठोक्यालाही ऊन तिरपं येतं आणि खोडांच्या कडा उजळतात. या उन्हासाठी तुझे उपकार मानतो. पावसानंतर ओल्या पानांवर आभाळाची चकाकी बसते, खालचा रंग झाकला जातो; लेन्सवरचा पोलरायझर फिरवला की ती उतरते. रंग तिथेच असतो. हिरवं ओसरल्यावर दिसणारा पिवळासुद्धा पानात उन्हाळाभर होताच. म्हणून घरी संगणकापुढे बसलो की माझा हात आवर. सॅच्युरेशन वाढवायचा मोह झाला, तर आधी खोडाच्या राखाडीकडे आणि शेवाळाच्या फिक्या हिरव्याकडे बघायला लाव. राखाडी खरी राहिली, की तिच्याशेजारी तांबूस आपल्या बळावर उजळतो.

उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीपाशी दोन उतारांमधल्या खळग्यात एकटं सिकॅमोरचं झाड होतं. चौकट तूच आखून ठेवली होतीस. सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीतून ते कापलं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात बुंध्याला कोंब फुटले, त्यांना सांभाळ. त्या झाडाचे अगणित फोटो जगभर आहेत आणि एकाही फोटोने ते वाचलं नाही, हे मला विसरू देऊ नकोस.

जुन्या बीचच्या मुळांवरची माती आमच्या पावलांनी दबते, मुळांना हवा-पाणी मिळेनासं होतं. उद्या पहाटे मी पुन्हा येईन. कुंपणापलीकडून चौकट जास्त छान जमेल असं दिसलं, तरी माझा पाय अलीकडेच ठेव.