गरज आणि दोष

चेन्नईच्या अण्णा नगरात आग पसरत असता इतरांचे प्राण वाचवण्यासाठी कोणी शेजाऱ्याचे घर पाडले, तर तो गुन्हेगार काय? १८६० च्या दंडसंहितेतील ८१ व्या कलमात असाच दाखला होता. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या १९ व्या कलमात तो कायम आहे. हेतू शुद्ध व संकट निकट असेल, तर गुन्हा नाही. ज्याचे घर पडले त्याच्याविषयी मात्र कलम मूक आहे.

दाविदाने समर्पित भाकरी खाल्ली. मत्तय व लूक केवळ भुकेचा उल्लेख करतात. मार्क (२:२५) ‘गरज’ हा शब्दही घालतो. भाषांतरात तो पुनरुक्ती वाटतो, पण गाळू नये. प्रभूने दाविदाला दोष दिला नाही. तथापि ती भाकरी त्याने अहीमलेखाला खोटे सांगून मिळवली होती, आणि त्या मदतीपायी शौलाने नोबचे ८५ याजक मारवले. तेव्हा दाविदाने गरजेची सबब पुढे केली नाही. अब्याथारापाशी त्याने तो दोष स्वतःवर घेतला (१ शमुवेल २२:२२).