दैव पाचवं

आमच्या मोटरहोमच्या डॅशबोर्डवर गणपती आहे आणि पलंगाशेजारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. ॲरिझोनातल्या थंड रात्री हीटर लावताना मी त्या अलार्मचं बटण दाबून पाहते, तेव्हा हे हसतात, “बाप्पा आहे ना, मग त्या डबीवर एवढी भिस्त कशाला?” चेष्टाच, पण प्रश्न खरा आहे. खबरदारी म्हणजे श्रद्धेतली उणीव का?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारचे प्रयत्न आणि दैव. दैव पाचवं! आपण मात्र पहिला मान त्यालाच देतो.

हीटरच्या प्रोपेनला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. झोपलेल्याला तो उठूही देत नाही. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना हे पटायला जड जाऊ नये.

टायरवरचे चार आकडेही मी वाचते. २३१९ म्हणजे टायर बनला तो २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर दगा देतं. यांचं म्हणणं, ते वाचायची बुद्धी कोण देतो? इथे मी अडते. पण पुढच्या गावात टायर बदलायचे, हे दोघांनाही मान्य आहे.