विघटनाला लगाम

मानवी शरीरात घडण आणि मोडतोड या क्रिया आयुष्यभर बरोबरीने चालतात आणि मोडतोडीचे मोठे काम प्रोटिएज, म्हणजे प्रथिनांच्या साखळीतील दुवे तोडणाऱ्या विकरांकडे असते. जठरात आणि आतड्यात ही विकरे अन्न पचवतात हे सर्वपरिचित आहे. परंतु फुप्फुस, हाड, त्वचा यांच्या ऊतींतही ती वावरतात आणि तेथे त्यांच्यापुढे शरीराचीच बांधणी असते. म्हणून त्यांच्या बाबतीत आरोग्याचा प्रश्न हा मुख्यतः नियंत्रणाचा प्रश्न ठरतो.

बेडकाच्या डिंभाची शेपटी रूपांतराच्या वेळी कशी नाहीशी होते, याचा अभ्यास करताना जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना १९६२ मध्ये कोलॅजेन तोडणारे विकर सापडले. जस्ताच्या अणूवर अवलंबून असणाऱ्या त्याच्या कुळाला मेटॅलोप्रोटिएज म्हणतात. जखमेच्या कडेवरील पेशींना पुढे सरकण्यासाठी वाट मोकळी करणे, वाढत्या हाडाला नवा आकार देणे, मासिक पाळीत गर्भाशयाचे अस्तर सुटे करणे, ही कामे या विकरांवाचून होत नाहीत. ती बहुधा निष्क्रिय रूपात तयार होतात आणि सक्रिय झाल्यावरही त्यांना रोखणारी प्रथिने ऊतींत हजर असतात.

हा लगाम सुटला तर काय होते, ते फुप्फुसात स्पष्ट दिसते. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे विकर सोडतात. ते वायुकोशांना लवचिकपणा देणारे इलॅस्टिनचे तंतू तोडू शकते, आणि एकदा तुटलेले हे तंतू प्रौढ वयात पूर्ववत होत नाहीत. यकृतात तयार होणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन इलास्टेजला जखडून ठेवते. १९६३ मध्ये स्वीडनमधील लॉरेल आणि एरिकसन यांना पाच जणांच्या रक्तातील प्रथिने वेगळी करून पाहताना या प्रथिनाचा पट्टा आढळला नाही आणि त्यांपैकी तिघांना ऐन उमेदीत वातस्फीती, म्हणजे वायुकोशांच्या भिंती झिजण्याचा विकार, जडलेला होता. धूम्रपान हे संकट दोन्ही बाजूंनी आणते: धुरामुळे फुप्फुसात न्यूट्रोफिल गोळा होतात आणि त्याच धुरातील ऑक्सिडीकारक द्रव्ये या रक्षक प्रथिनातील मेथिओनिन हा मोक्याचा घटक बिघडवून त्याला निकामी करतात.

कर्करोगाच्या पेशी मेटॅलोप्रोटिएजच्या साहाय्याने आसपासच्या ऊती भेदतात, हे कळल्यावर सरसकट सर्वच मेटॅलोप्रोटिएज रोखणारी मारिमास्टॅटसारखी औषधे मोठ्या आशेने वापरून पाहण्यात आली. परंतु रुग्णांना अपेक्षित लाभ झाला नाही आणि अनेकांना सांधे व स्नायूंच्या वेदना सोसाव्या लागल्या. या कुळातील काही विकरे अर्बुदाच्या वाढीला आळा घालतात, हेही पुढे लक्षात आले. याउलट मर्यादित हस्तक्षेप उपयोगी पडले आहेत: हिरड्यांच्या विकारात डॉक्सिसायक्लिन जंतू मारण्याइतक्या मात्रेत न देता केवळ कोलॅजेनची झीज मंदावण्याइतके दिले जाते, आणि अँटिट्रिप्सिनची उणीव असलेल्यांना दात्यांच्या रक्तद्रवातून मिळवलेले तेच प्रथिन पुरवले जाते.

एखादे विकर रोगाच्या ठिकाणी सापडले म्हणून त्याला शत्रू ठरवणे ही घाई होय. कोणते विकर, कोणत्या ऊतीत, रोगाच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या अंकुशाच्या अभावी अनावर झाले, याचा निवाडा आधी व्हायला हवा. कारण रोग्याला हवा असतो तो हरवलेला अंकुश, आणि तो परत मिळवून देताना शरीराची आवश्यक मोडतोड अबाधित राखणे हीच उपचाराची खरी कसोटी आहे.