एक नाम, तीन शास्त्रे

पाणिनीच्या अष्टाध्यायीवर महाभाष्य लिहिणारा पतंजली; योगसूत्रांचा कर्ताही पतंजलीच; आणि वैद्यकाच्या परंपरेत चरकसंहितेचे प्रतिसंस्करणही त्याच्याच नावावर जमा आहे. वाणी, चित्त आणि शरीर या तिहींचा मळ एकाच मुनीने धुतला, अशी ही श्रद्धा. अकराव्या शतकात भोजराजाने योगसूत्रांवरील आपल्या वृत्तीच्या आरंभी स्वतःच्या कर्तृत्वाची तुलना याच त्रिविध कार्याशी केली. (राजाची विनयशीलता ती एवढीच!)

इतिहासाला ही श्रद्धा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७२ मध्ये, महाभाष्यातील पुष्यमित्राच्या यज्ञाच्या उल्लेखाचा आधार घेऊन, वैयाकरण पतंजलीला इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यावर नेऊन बसविले. योगसूत्रे बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यानंतर काही शतकांची आहेत. वैद्यकाचा दावा तर सर्वांत दुबळा. कारण चरकसंहिता आपले ऋण स्वतःच सांगते. अग्निवेशाने रचिले, चरकाने संस्कारिले, दृढबलाने पूर्ण केले. तेथे पतंजलीला जागाच नाही.

मग परंपरा असत्य बोलली काय? मला तसे वाटत नाही. शब्द, मन आणि देह यांची शुद्धी अखेर एकच आहे, हा एक विचार होता. त्याला देह हवा होता, आणि तो नामसाम्याने पुरविला. विचार म्हणून तो मोलाचाच आहे. परंतु त्याची किंमत कोणी मोजली? ज्याने योगसूत्रे खरोखर रचिली, त्या पुरुषाचे स्वतंत्र अस्तित्वच थोरल्या नामबंधूच्या छायेत विरले. त्याचा ग्रंथ राहिला, तो स्वतः राहिला नाही. मृतांनाही न्याय असतो असे मानणाऱ्याला हे सहजासहजी पचू नये.

उलट बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. एका माणसाला व्याकरण आणि योग दोन्ही साधणार नाहीत, हे गृहीत धरून केलेली विभागणी हा आपल्या काळाच्या विशेषज्ञतेचा पूर्वग्रह होय. सुरेंद्रनाथ दासगुप्तांसारख्या साक्षेपी इतिहासकाराला दोन्ही पतंजली एक असणे अशक्य वाटले नव्हते. विभागणी पुराव्याने व्हावी, अविश्वासाने नव्हे.

मराठीत हा प्रश्न अधिक जवळून बोचतो. नामदेवांच्या गाथ्यात सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, आणि ‘नामा’ या मुद्रेखाली कोणता शब्द कोणाचा हे सर्वत्र सांगता येत नाही. भक्ताला त्याने काही उणे पडत नाही, दोघेही विठ्ठलाचेच. संपादकाला मात्र ती मोकळीक नाही. संशयित अभंग गाळू नयेत, पण नामदेवांच्या पदरीही घालू नयेत. ते वेगळ्या विभागात, संशयाच्या स्पष्ट नोंदीसह छापावेत. गाथा त्यामुळे थोडी विस्कळीत दिसेल. दिसू द्यावी.