आठ तासांचा आशीर्वाद



आजचं वाचन गीतेच्या सतराव्या अध्यायातलं, श्लोक १ ते ४. अर्जुन विचारतो, शास्त्राचा विधी सोडून पण श्रद्धेने पूजा करणाऱ्यांची निष्ठा कुठली म्हणायची? त्यावर तिसऱ्या श्लोकात भगवंत सांगतात ते साधारण असं, की माणूस श्रद्धेचाच घडलेला असतो. जशी श्रद्धा, तसा तो.

हे वाचताना मला चक्क स्कायरिम आठवला. (हसू नका.) २०११ चा गेम, अजून वीकेंडला खेळतो. त्यात नऊ दैवतं आहेत. कुठल्याही वेदीला हात लावला की रोग बरे होतात आणि वर एक आशीर्वाद मिळतो. आर्केकडून हेल्थ २५ ने वाढते, झेनिथारकडून बाजारात १० टक्के चांगला भाव. सगळं आठ तासांपुरतं. दुसऱ्या देवाकडे गेलात की पहिल्याचा आशीर्वाद जातो, पण तो रागावत नाही. टॅलॉसच्या पूजेवर तिथे बंदी आहे, ती करणाऱ्यांना पकडून नेतात. मी मात्र त्याच्याकडे जातो, कारण शाउटचा वेटिंग टाइम २० टक्के कमी होतो!

याशिवाय डेड्रा आहेत, त्यांची वेगळी पूजा. त्यातली बोएथिया बळी मागते, तोही आपल्याच सोबत्याचा. मी लिडियाला नेलं. माझं ओझं वाहण्याची जिने शपथ घेतलीय ती. खांबाला हात लाव म्हटलं, तिने लावला. मग सुरी. नंतरची कामगिरी केल्यावर काळं चिलखत मिळालं.

त्यानंतर मी मारा देवीच्या वेदीपाशी गेलो. मारा प्रेमाची देवी. तिनेही आशीर्वाद दिला, कोणी काही विचारलं नाही. आणि मला कसंतरीच झालं.

मित्र म्हणाला, अरे तिथे श्रद्धाच नव्हती, मग पाप कसलं? मला ते पटत नाही. श्रद्धा होती की! चिलखतावर होती. इतके देव फिरलो, पण पूजा शेवटी माझ्या इन्व्हेंटरीचीच.

अनेक देवांपुढे हात जोडण्यात मला काही गैर वाटत नाही. आई दर मंगळवारी सिद्धिविनायकाला जाते. बाबा आजारी होते तेव्हा शेजारच्या काकूंबरोबर तिने माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाही धरला होता, नऊ बुधवार. पाचव्या बुधवारनंतर बाबा गेले. उरलेले चार तिने पूर्ण केले. मी चिडून विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, "अरे, धरलेत ना." आणि मेणबत्तीसाठी सुटे पैसे मागितले.

तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. मी स्वतः इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी नवस बोलायचो आणि ऑफर लेटर आलं की विसरायचो. सरळ हिशेब.

लिडिया जिवंत असतानाची सेव्ह फाईल अजून आहे. लोड केली तर ती परत येईल, चिलखत जाईल. दोन रविवार झाले, फाईलवर कर्सर नेतो आणि गेम बंद करतो.