छापाची वीट

भातसा धरणाच्या फुगवट्याला, शहापूर तालुक्यात, एक कातकरी वाडी आहे. नाव सांगत नाही. तशा वाड्या मुरबाडकडेही आहेत, आणि ही गोष्ट त्यांतल्या कुठल्याही वाडीला शोभेल.

मृगाचा पाऊस लागला की ओढ्यांना चढणीचे मासे येतात. तेव्हा अख्खी वाडी रात्रभर पाण्यात असते. कुणी बोकशी लावतं, कुणी दगडांखाली हात घालून चाचपतं, पोरं टेंभे घेऊन चिंबोऱ्यांमागे धावतात. याच तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबई पिते आहे. पुढे मोडकसागर झाला, भातसा झालं. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर मात्र टँकर फिरतो. वाडी त्याबद्दल फारसं बोलत नाही. बोलून काय होतं, हे तिला ठाऊक आहे.

शहरातली काही मंडळी एका जानेवारीत इथे आरोग्य शिबिराला आली. एक डॉक्टरीणबाई, एक इंजिनियर, कॉलेजची पोरं, औषधांची खोकी. वाडीत माणूस नाही! झापांची दारं काटक्यांनी बांधलेली. दिवाळीनंतर सगळे उचल घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेले, ते पावसाच्या तोंडावरच परतणार. मागे राहिली होती एक म्हातारी आणि तिचा आंधळा नवरा. दोघांचं वजन झालं, रक्तदाब झाला, अर्ज भरला, फोटो निघाला. शिबिर संपलं.

तरी मंडळी चिवट निघाली, हे कबूल केलं पाहिजे. जूनच्या सुरुवातीला, सगळे परतल्यावर, ती पुन्हा आली. या वेळी टेम्पोभर विटा होत्या आणि म्हशाकडचा एक गवंडी होता. वाडीला दवाखान्याची खोली बांधून द्यायची ठरली होती. ठरली कुठे, तर शहरात.

विटा उतरवताना एका तरण्या बाईने एक वीट उलटी केली, छाप बघितला आणि हसली. "ह्या आमच्याच भट्टीच्या. म्याच थापल्या असतील."

नवरा चिखल करतो, ती साच्यात थापते, पोरं सुकलेल्या विटा उलटतात. मजुरी हजार विटांमागे, आणि त्यातून आधी उचल फिटायची. इंजिनियर तिच्या घराकडे बघत राहिला. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर पेंढा.

तेवढ्यात जागामालक आला. आवाज न चढवता म्हणाला, "झाप राहू द्या, माझी हरकत नाही. पक्कं बांधकाम नको." कातकऱ्यांच्या कित्येक वाड्यांची ही रड आहे. पिढ्या गेल्या तरी घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर. २०२३ साली केंद्राने कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी जनमन योजना आणली, तिच्यात पक्की घरंही आहेत. पण घर उभं राहायला पायाखाली जागा लागते.

पोरं हिरमुसली. विटा परत भरायच्या का, यावर कुजबुज सुरू झाली. तेव्हा म्हातारी पुढे आली.

"बाय, दवाखाना झालाच असता, तं त्यात बसलं कोन असतं?"

"आम्ही येणार, आजी. महिन्यातून एकदा."

"आन् मन्यार तं पावसाची रोज रातीला येते."

मग कळलं. गेल्या श्रावणात तिचा नातू पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. अंगावर दाताची खूण नाही. मासे बाधले असतील म्हणून ओवा दिला. उजाडेपर्यंत पापण्या मिटू लागल्या, घशातून आवाज निघेना. झोळी रस्त्याला लागली तेव्हा श्वास थांबला होता.

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. मण्यार भुईवर निजलेल्या माणसाला चावते, दुखत फारसं नाही, म्हणून माणूस जागा होत नाही. हे त्यांनी परीक्षेला लिहिलेलं होतं. जानेवारीच्या अर्जात हिमोग्लोबिनपासून सगळं होतं, पण रात्री कुठे निजता, हा रकाना नव्हता.

"ह्या विटांचे घरात ओटे घाला," म्हातारी म्हणाली. "घरातल्या ओट्याला तं शेट पक्कं म्हननार नाय?"

जागामालक जरा घुटमळला आणि म्हणाला, "बरं."

गवंड्याला हे काम हलकं वाटलं. त्याने ओळंबा काढला, पण बायका आधीच चिखल तुडवत होत्या. गुडघाभर उंच ओटा, कुडापासून हातभर दूर, कारण साप कुडाच्या खडबडीवरून चढतो. ही सूचना डॉक्टरीणबाईंची. वर मच्छरदाणी, कडा अंथरुणाखाली दाबून. त्यांनी पुढचंही समजावलं. चावलं तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, भगताकडे थांबायचं नाही. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून थेट शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. औषध तिथे असतं, श्वास थांबला तर यंत्राची सोय कुठे करायची तेही तिथलेच बघतात. कुणाची गाडी, पेट्रोल कुणी ठेवायचं, हे वाडीनेच ठरवलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका घरात ओट्यावर कोंबड्या चढल्या आणि माणसं भुईवरच राहिली. एका म्हाताऱ्याने मच्छरदाणी मासे धरायला नेली. तो पाऊस मात्र वाडीत झोळी न उचलता गेला. ओट्यांमुळे की नशिबाने, हे डॉक्टरीणबाई ठामपणे सांगत नाहीत.

निघताना इंजिनियरने पुढच्या शिबिराची तारीख विचारली. विटेचा छाप ओळखणारी ती तरणी बाई म्हणाली, "दिवाळीनंतर हितं येऊ नका. भट्टीवर या."

जानेवारीत मंडळी संध्याकाळी भट्टीवर पोचली. मुकादमाने विचारलं, "तुम्हाला कुणी बोलावलं?"

"म्या," ती म्हणाली. कोपरापर्यंत चिखलाचे हात घेऊन तिने रांग लावली. स्वतःच्या पोराला मागे उभं केलं आणि मुरबाडकडून आलेल्या एका बाईला पुढे ओढलं. "आधी हिला बघा. हिला आठवा लागलाय आन् पाय सुजलेत."